लोगोत नसलेली अक्षरे

एखाद्या कंपनीचा लोगो हाती देऊन "याच वळणाचा पूर्ण टाइपफेस, म्हणजे सगळी अक्षरे, अंक आणि चिन्हे, करून द्या" असे सांगितले जाते, तेव्हा सांगणाऱ्याची समजूत बहुधा अशी असते की अर्धे काम आधीच झालेले आहे. पाच-सहा अक्षरे तयार आहेत, त्यांची जाडी ठरलेली आहे, टोके कशी छाटायची तेही ठरलेले आहे. आता त्याच चालीवर उरलेली अक्षरे काढली की झाले. हे काम अनेक वर्षे केल्यावर माझे मत बरेचसे याच्या उलट झाले आहे. लोगोतली अक्षरे एका शब्दासाठी, ठरलेल्या क्रमाने आणि मोठ्या आकारात पाहण्यासाठी रेखाटलेली असतात. टाइपफेसमधल्या प्रत्येक अक्षराला मात्र कोणत्याही अक्षराशेजारी, कोणत्याही आकारात आणि पानभर मजकुरात उभे राहावे लागते. म्हणून लोगोतून काय उचलायचे आणि काय लोगोपुरतेच राहू द्यायचे, हे ठरवणे हाच या कामाचा गाभा आहे. आणि लोगोत जे सर्वांत आधी डोळ्यांत भरते, तेच टाइपफेसमध्ये बहुतेक वेळा सर्वांत जपून वापरावे लागते.

याचे बोलके उदाहरण 'अव्हां गार्द' या अमेरिकी नियतकालिकाचे आहे. १९६८ मध्ये निघालेल्या या नियतकालिकाचा लोगो ग्राफिक रचनाकार हर्ब लुबालिन यांनी केला. सगळी कॅपिटल अक्षरे, भूमितीतून उतरल्यासारखी गोलाई, आणि 'ए' व 'व्ही' यांच्या तिरप्या रेघा एकमेकींना इतक्या बिलगलेल्या की शब्दातली पांढरी जागा जवळजवळ नाहीशी व्हावी. त्या शब्दासाठी ही रचना अतिशय देखणी आहे. पुढे टॉम कार्नेस यांच्या साथीने त्या अक्षरांवरून पूर्ण टाइपफेस उभा राहिला आणि १९७० मध्ये 'आयटीसी अव्हां गार्द गॉथिक' या नावाने बाजारात आला. लोगोतल्यासारखी तिरपी आणि एकमेकांत गुंतलेली जोडअक्षरेही त्याच्यासोबत दिलेली होती. वापरणाऱ्यांनी ती जिथे बसत नाहीत अशा शब्दांतही घातली. कललेल्या 'ए'शेजारी सरळ दांडीचे अक्षर आले की तिथे खळगा पडतो आणि सगळा शब्दच एका अंगाला झुकल्यासारखा दिसतो. यात लुबालिन यांचा दोष आहे असे मी मानत नाही. ती युक्ती एका शब्दातल्या शेजाऱ्यांवर बेतलेली होती आणि शेजारी बदलल्यावर तिचा आधारच जात होता. लोगोवरून टाइपफेस करणाऱ्याने मात्र हे उदाहरण समोर ठेवूनच पहिली रेघ ओढावी.

दुसऱ्या टोकाला कोका-कोला आहे. स्पेन्सरियन हस्ताक्षराच्या वळणाचा तो लोगो एकोणिसाव्या शतकातला आहे आणि जगभर ओळखला जातो. २०१८ मध्ये ब्रिटिश रचनाकार नेव्हिल ब्रॉडी यांच्या स्टुडिओने कंपनीसाठी 'टीसीसीसी युनिटी' हा टाइपफेस केला, तेव्हा त्या लपेटदार अक्षरांची नक्कल त्यांनी केली नाही; साधा, सरळ, वाचायला सोपा सॅन्स सेरिफ (अक्षरांच्या टोकांना रेघोट्या नसलेला) टाइपफेस त्यांनी घडवला. इतक्या ठसठशीत लोगोच्या शेजारी त्याच वळणाचा मजकूर आला असता, तर दोघांचेही तेज उणावले असते. आयबीएमने घेतलेला मार्ग या दोन टोकांच्या मधला आहे. पॉल रँड यांनी १९५६ मध्ये केलेल्या आणि १९७२ मध्ये आठ आडव्या पट्ट्यांत विभागलेल्या त्या लोगोतल्या 'बी'ची बाहेरची कड गोल आहे आणि आतल्या पोकळ्या चौकोनी आहेत. माइक ॲबिंक आणि 'बोल्ड मंडे' ही फाउंड्री (टाइपफेस घडवणारी संस्था) यांनी २०१७ मध्ये आणलेल्या 'प्लेक्स' या आयबीएमच्या टाइपफेसमध्ये पट्ट्या नाहीत, पण गोल आणि काटकोनी यांची ती जोडी अक्षरांच्या चणीत मुरलेली आहे. लोगोतून काय घ्यावे, या प्रश्नाचे हे उत्तर मला सर्वांत पटते. एका घरातली माणसे चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखू येतात, त्यांनी एकसारखे कपडे घालण्याची गरज नसते. लोगो आणि टाइपफेस यांचे नाते तसे असावे.

माझ्याकडे आलेल्या एका कामाबद्दल थोडे तपशिलात लिहितो. लोगोत पाच स्मॉल अक्षरे होती: 'ओ', 'आर', 'ई', 'टी' आणि 'ए'. 'ओ' कंपासने काढल्यासारखे पूर्ण वर्तुळ होते. 'ई'ची मधली रेघ आडवी नसून उजवीकडे वर चढत जाणारी होती. 'आर' आणि 'टी' वरच्या बाजूने एकमेकांना जोडलेले होते, आणि 'आर', 'टी' व 'ई' यांची मोकळी टोके एकाच कोनात तिरपी छाटलेली होती. कंपनीतल्या लोकांना ती चढती रेघ सर्वांत प्रिय होती. लोगो लांबून ओळखू येतो तो तिच्यामुळेच, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबरही होते.

अशा वेळी मी आधी लोगोत नसलेल्या अक्षरांकडे पाहतो. मजकुराचा पोत ज्यांच्यावर ठरतो, त्यांतले 'एन' हे अक्षर इथे नव्हतेच. पण 'आर' होते, आणि 'आर'मध्ये 'एन'चा अर्धा भाग दडलेला असतो. दांडीतून खांदा किती उंचीवर फुटतो, फुटताना रेघ किती बारीक होते आणि वळण गोल आहे की किंचित ताणलेले, हे तिथे वाचता येते. तो खांदा पुढे नेऊन दुसऱ्या दांडीत उतरवला की 'एन' मिळते. त्यातून 'एच', 'एम' आणि उलटे फिरवून, डोळ्याने सुधारून 'यू' मिळते. स्मॉल 'ए'च्या पोटावरून 'बी', 'डी', 'पी', 'क्यू' यांच्या पोटांचा अंदाज येतो. 'टी'च्या तळाचे वळण 'जे' आणि 'एफ'ला उपयोगी पडते. तिरप्या रेघांच्या अक्षरांविषयी मात्र हा लोगो काहीच बोलत नव्हता. 'व्ही', 'डब्ल्यू', 'के', 'एक्स' यांच्याबाबत रचनाकाराला स्वतःच निर्णय घ्यावे लागतात, आणि 'एस' तर प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते. एकाच रेघेने दोनदा वळायचे, मधला कणा पुरेसा जाड ठेवायचा आणि तरीही अक्षर मागे किंवा पुढे पडल्यासारखे दिसू द्यायचे नाही, ही कसरत कोणत्याही लोगोवरून उसनी घेता येत नाही.

'ई'च्या चढत्या रेघेचा प्रश्न बैठकीत बराच वेळ चालला. लोगोत ती एकदाच येते. इंग्रजी मजकुरात 'ई' हे सर्वाधिक वेळा येणारे अक्षर आहे. साधारण आठ अक्षरांमागे एकदा ते भेटते. म्हणजे छापील पानावर प्रत्येक ओळीत ही चढती रेघ कित्येकदा येणार आणि वाचणाऱ्याची नजर शब्दांवरून घसरून त्या रेघांच्या नक्षीवर जाणार. मी तोंडी वाद घातला नाही. कंपनीचाच एक माहितीपर मजकूर दोन्ही प्रकारच्या 'ई'मध्ये लावला, नेहमीच्या आकारात छापला आणि दोन पाने शेजारी ठेवली. पहिल्या पानावर मजकुराआधी 'ई' दिसत होती, दुसऱ्यावर मजकूर वाचता येत होता. मग मूळ फॉन्टमध्ये आडव्या रेघेची 'ई' ठेवली, आणि चढत्या रेघेची 'ई' ओपनटाइप या फॉन्टच्या फाइल-प्रकारातला पर्यायी संच म्हणून दिली. मोठ्या मथळ्यात ज्याला ती हवी असेल त्याने ती मुद्दाम निवडून वापरावी. 'आर' आणि 'टी' यांचे जोडअक्षरही असेच आपोआप न येणारे, मागितल्यावरच मिळणारे ठेवले.

वर्तुळाकार 'ओ'चा मुद्दा वेगळा होता, कारण तिथे प्रश्न आवडीनिवडीचा नसून डोळ्याच्या स्वभावाचा आहे. सारख्याच जाडीची आडवी आणि उभी रेघ शेजारी ठेवली तर आडवी अधिक जाड वाटते. म्हणून जिथे सगळीकडे सारखी जाडी आहे असे भासते, त्या अक्षरातही वरचा आणि खालचा भाग प्रत्यक्षात थोडा बारीक असतो. भूमितीसाठी प्रसिद्ध असलेल्या, पॉल रेनर यांच्या १९२७ च्या फ्युचुरा या टाइपफेसमध्येही कंपासपट्टीने मोजायला गेलात तर डोळ्यासाठी केलेल्या अशा तडजोडी सापडतात. तसेच गोल अक्षर सपाट अक्षराच्या उंचीइतकेच काढले तर ते लहान दिसते. स्मॉल अक्षराची उंची ५०० एकके असेल, तर 'ओ'ला वर आणि खाली दहा-बारा एककांनी रेषेबाहेर जावे लागते, तेव्हा कुठे ते शेजारच्या 'एन'एवढे वाटते. पाच अक्षरांच्या लोगोत यांतले काही सैल राहिले तरी खपते, परिच्छेदात खपत नाही. शिवाय पूर्ण वर्तुळाच्या पोटात पांढरी जागा फार मोठी असते. 'आर' आणि 'टी'सारख्या अरुंद अक्षरांच्या मध्ये ते आले की ओळीत भोके पडल्यासारखी दिसतात. मी 'ओ' थोडे अरुंद केले, इतपतच की लोगोशेजारी ठेवल्यावर ते त्याच गोलाईतले वाटावे.

तिरपी छाटलेली टोके मात्र मी मनापासून जपली. लोगोतला तो सर्वांत शांत गुण होता. कंपनीतल्या कोणी त्याचा उल्लेखही केला नव्हता, पण अक्षरांना चपळपणा त्याच्यामुळे येत होता. तो गुण 'सी', 'एस', 'एफ', 'जे', 'वाय' या सगळ्यांत सहज शिरतो, लहान आकारात विरून जातो आणि मोठ्या आकारात दिसू लागतो. यात एक बारकावा आहे. सरळ रेघेच्या टोकावर आणि वळणाच्या टोकावर एकाच अंशाचा कोन ठेवला तर डोळ्याला ते दोन वेगवेगळे कोन वाटतात. त्यामुळे प्रत्येक टोकाचा कोन नजरेने जुळवावा लागतो. एक आकडा ठरवून सगळीकडे लावता येत नाही.

आता ज्या भागावर मी सर्वाधिक वेळ घालवतो आणि ज्याविषयी ग्राहक जवळजवळ कधीच विचारत नाहीत, त्याकडे येतो: अक्षरांमधली जागा. पाच अक्षरांच्या लोगोत चार फटी असतात आणि त्या प्रत्येक फटीकडे कोणीतरी तासन्‌तास पाहिलेले असते. टाइपफेसमध्ये इंग्रजीची स्मॉल आणि कॅपिटल मिळून ५२ अक्षरे धरली, तरी दोन-दोनांच्या २,७०४ जोड्या होतात. अंक, विरामचिन्हे आणि स्वरचिन्हांची अक्षरे वेगळीच. त्या प्रत्येक जोडीकडे लोगोसारखे पाहणे शक्य नाही आणि तसे करूही नये. म्हणून प्रत्येक अक्षराच्या दोन्ही अंगांना ठरावीक मोकळी जागा दिली जाते, आणि ती अशा रीतीने दिली जाते की बहुसंख्य जोड्या आपोआप जुळाव्यात. उभ्या दांडीच्या बाजूला सर्वांत जास्त जागा, गोल बाजूला त्याहून कमी, तिरप्या बाजूला जवळजवळ नाहीच. आधी 'एन' आणि 'ओ' यांच्या रांगा लावायच्या: दोन 'एन', दोन 'ओ', मग 'एन'च्या मध्ये 'ओ', मग 'ओ'च्या मध्ये 'एन'. दोन दांड्यांमधला पांढरा भाग आणि 'एन'च्या आतला पांढरा भाग यांचा तोल साधेपर्यंत ते आकडे हलवत राहायचे. हा तोल एकदा बसला की बाकीची अक्षरे या दोघांच्या मध्ये बसवून त्यांची जागा ठरवता येते. एवढे करूनही 'टी' आणि 'ओ', 'ए' आणि 'व्ही', 'वाय' आणि पूर्णविराम अशा काही जोड्या ऐकत नाहीत, आणि कर्निंग, म्हणजे एकेका जोडीतली जागा वेगळी जुळवणे, करायचे ते अशा जोड्यांसाठीच. ज्या फॉन्टमध्ये मूळ जागा चुकलेली असते तिथे हजारो कर्निंग जोड्या घालूनही ओळ सुधारत नाही, हे मी इतरांचे फॉन्ट दुरुस्त करताना पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

इथे लोगो सरळसरळ दिशाभूल करतो. लोगो मोठा दिसणार असल्याने त्यातली अक्षरे घट्ट बसवलेली असतात. तीच घट्ट जागा मजकुरात आणली तर मोबाइलच्या पडद्यावर 'आर' आणि 'एन' मिळून 'एम' वाचले जाते. आमच्या कामात मथळ्यांसाठी आणि मजकुरासाठी वेगळ्या जागांचे दोन प्रकार ठेवले. मजकुराच्या प्रकारात अक्षरे थोडी रुंद झाली, पोकळ्या मोकळ्या झाल्या आणि दांडी खांद्याला मिळते तिथली खाच खोल झाली, म्हणजे कमी दर्जाच्या छपाईत शाई साचली तरी अक्षर बुजणार नाही.

जाडीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात लिहितो. लोगो एकाच जाडीचा असतो. कंपनीला मात्र लाइटपासून बोल्डपर्यंत सगळे हवे असते. आम्ही दोन टोके हाताने रेखाटतो आणि मधली वजने, म्हणजे मधल्या जाडीचे प्रकार, संगणकाकडून काढून घेतो. त्यासाठी दोन्ही टोकांच्या रेखांकनात बिंदूंची संख्या आणि क्रम तंतोतंत सारखा असावा लागतो. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून व्हेरिएबल फॉन्ट जाहीर केल्यापासून ही मधली सगळी वजने एकाच फाइलमध्ये देता येतात. लोगोची जाडी या पट्ट्यात नेमकी कुठे पडते ते आधीच नोंदवून ठेवावे आणि रेग्युलरचे वजन लोगोवरून ठरवू नये. बहुतेक लोगो मजकुराच्या मानाने फार जाड असतात.

ज्या कंपन्यांचे ग्राहक एकाहून अधिक लिप्या वाचतात, त्यांच्यासाठी खरी परीक्षा पुढे असते. लोगो रोमन लिपीत, आणि त्याचा स्वभाव देवनागरीत उतरवायचा. इथे आकारांची उचल पूर्णपणे निरुपयोगी ठरते. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी असतात, आपली अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. देवनागरीतला जाड-बारीकपणा तिरप्या छाटलेल्या बोरूतून आला आहे आणि त्याचा कल रोमनच्या रुंद टोकाच्या लेखणीपेक्षा उलट आहे. शिवाय वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा लागते. त्यामुळे रोमन आणि देवनागरी एकाच ओळीत सारखी मोठी दिसण्यासाठी उंचीचे गणित वेगळे मांडावे लागते. मी आधी क, ग, न, र, व, त, द, ह अशी थोडी अक्षरे काढतो, त्यांच्यासोबत रोमन मजकुराची ओळ लावतो आणि दोन्हींचा करडेपणा डोळे बारीक करून पाहतो. शिरोरेषेची जाडी हा त्यातला सर्वांत नाजूक निर्णय असतो. ती अखंड चालत असल्याने कांकणभर जाड झाली तरी सगळी ओळ वरून काळी दिसते.

तिरप्या छाटाचा गुण देवनागरीत कुठे ठेवायचा, हा प्रश्न मला फार आवडला. पहिला विचार असा येतो की अक्षरांच्या उभ्या दांडीचे खालचे टोक तिरपे छाटावे. परंतु दांडी बहुसंख्य अक्षरांत आहे, आणि त्यात काना मिळवला तर एका शब्दात चार-पाच वेळा तोच छाट येतो; तळाशी करवतीचे दाते उगवल्यासारखे होते. म्हणजे 'ई'च्या चढत्या रेघेचा दोष नव्या रूपात परत येतो. आम्ही दांड्या सपाट ठेवल्या आणि छाट फक्त मोकळ्या सुटणाऱ्या टोकांना दिला: 'र'चा पाय, 'द' आणि 'ह' यांच्या शेपट्या, 'त'चे डावे टोक. तेवढ्याने दोन लिप्यांचे नाते कळू लागले. भरगच्च अक्षरांत मात्र वेगळीच तडजोड लागते. 'क्ष', 'ज्ञ', 'ह्म', 'ठ्ठ' यांच्या आत इतक्या रेघा असतात की बोल्ड वजनात सगळ्यांना पूर्ण जाडी दिली तर आतला पांढरा भाग बुजतो. त्यामुळे त्या रेघा बारीक करून एकूण वजन तेवढेच भासवावे लागते.

संगणकावरील अक्षरांसाठीच्या युनिकोड या प्रमाणसंकेतात देवनागरीच्या मूळ तक्त्याला १२८ जागा आहेत, पण जोडाक्षरे, अर्धी रूपे, वेलांट्यांच्या वेगवेगळ्या रुंदीच्या कमानी धरल्या की फॉन्टमधली आकृतींची संख्या कित्येक शेकड्यांवर जाते. मराठीसाठी त्यात काही गोष्टी आवर्जून तपासाव्या लागतात. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे कळताच ती आपोआप यायला हवीत. 'ळ' सुडौल हवा. 'दऱ्या' आणि 'वाऱ्या'मधला अर्धा 'र' शिरोरेषेखाली नीट बसायला हवा, आणि 'ॲ' तुटक दिसता कामा नये. यांतले काही चुकले तर मराठी वाचकाला ती कंपनी आपल्याशी परक्या उच्चारात बोलते आहे असे वाटते, आणि टाइपफेस करण्याचा मूळ हेतूच तिथे फसतो.

चाचणीसाठी मी सुंदर वाक्ये वापरत नाही. कंपनीची बिले, ॲपमधली बटणे, अटी-शर्तींचा बारीक मजकूर, त्रुटीचे संदेश, आकड्यांचे तक्ते हेच मागवून घेतो. तक्त्यासाठी सगळे अंक एकाच रुंदीचे लागतात, नाहीतर रकमा एकाखाली एक येत नाहीत; मजकुरात मात्र एकचा आकडा इतका रुंद झाला तर त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा पडते, म्हणून अंकांचे दोन संच द्यावे लागतात. कॅपिटल 'आय', स्मॉल 'एल' आणि रोमन लिपीतला एकचा आकडा वेगळे ओळखू यायलाच हवेत, मग लोगोचे वळण कितीही भूमितीय असो. ग्राहकाला पासवर्ड किंवा खाते क्रमांक वाचून टाइप करायचा असतो, तिथे अक्षरांच्या शैलीचा त्याला काही उपयोग नसतो.

कंपन्या एवढा खटाटोप करतात, त्याला ओळखीइतकेच व्यवहाराचेही कारण असते. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने डाल्टन माग या फाउंड्रीसोबत 'नेटफ्लिक्स सॅन्स' आणला, तेव्हा बाहेरच्या टाइपफेसच्या परवान्यावर होणारा वाढता खर्च हे एक कारण उघडपणे सांगितले होते. त्या फॉन्टमध्ये स्मॉल 'टी'वरचा एक वळणदार छाट लोगोच्या तळाच्या कमानीची आठवण करून देतो. एवढासा धागा, पण पुरेसा. करार करताना मालकी कोणाची, किती काळ आणि मूळ रेखांकनाच्या फाइल्स कोणाकडे राहणार, हे तीन मुद्दे मी स्वतंत्रपणे लिहून घेतो. अमेरिकेत अक्षरांच्या आकारांना कॉपीराइट मिळत नाही, फॉन्टच्या सॉफ्टवेअरला मिळतो, आणि लोगोचे संरक्षण ट्रेडमार्कच्या कायद्याखाली येते. ही तिन्ही एकच गोष्ट आहे असे समजून केलेले करार पुढे त्रासदायक ठरतात.

काम पूर्ण होत आले की एक मागणी हमखास येते: लोगोही फॉन्टमध्येच घाला, म्हणजे कळ दाबली की उमटेल. मी नकार देतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या जागी रिकामी चौकट दिसते. कोणी बोल्ड लावला की लोगो जाड होतो, कोणी अक्षरांतर वाढवले की त्याची मांडणी बिघडते. लोगो चित्र म्हणूनच राहावा. नव्या टाइपफेसमध्ये कंपनीचे नाव टाइप केले तर ते लोगोसारखे दिसेल, लोगो होणार नाही, आणि हा फरक वापराच्या नियमपुस्तिकेत दोन्ही शेजारी छापून दाखवतो. गूगलने सप्टेंबर २०१५ मध्ये नवा लोगो आणि त्याच्या जोडीचा 'प्रॉडक्ट सॅन्स' आणला, तेव्हाही लोगोतली कललेली 'ई' लोगोची स्वतःची म्हणून राखलेली होती.

फाइल्स सोपवताना मी रेखांकनांबरोबर एक टिपणही देतो. कोणत्या अक्षरात लोगोपासून दूर गेलो आणि का, छाटाचा कोन कुठे बदलला, जागेचे मूळ आकडे कोणते, मराठीसाठी कोणती रूपे वेगळी ठेवली, हे त्यात लिहिलेले असते. असे टाइपफेस फार काळ जगतात. लंडनच्या भुयारी रेल्वेतले अधिकारी फ्रँक पिक यांनी १९१३ मध्ये सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडे सोपवलेले त्या रेल्वेच्या, म्हणजे लंडन अंडरग्राउंडच्या, अक्षरांचे काम १९१६ मध्ये वापरात आले. १९७९ मध्ये एइची कोनो यांनी त्याला नवी वजने दिली, आणि २०१६ मध्ये मोनोटाइप या फाउंड्रीने केलेल्या आवृत्तीत हॅश आणि ॲट ही चिन्हे आली, ज्यांची जॉन्स्टन यांना कधी गरजच पडली नव्हती. 'आय' आणि 'जे' यांवरचा पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठिपका मात्र आजही तसाच आहे. आमच्या त्या कामातही पुढे कोणते चिन्ह लागेल हे मला सांगता येणार नाही, पण ते काढणाऱ्याला टोक कुठे आणि कसे छाटायचे हे टिपणाच्या पहिल्याच पानावर सापडेल.